अंतराळवीरांचा इलाज आणि जयंतीची ट्रॉली

आईचं आणि जमिनीचं भांडण सिहोऱ्याच्या एका लग्नानंतर सुरू झालं. लग्नाहून बसनं परत आली, आल्या आल्या तापली, आणि ताप उतरल्यावर सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला तर फरशी जागेवर नव्हती. म्हणजे तिच्या म्हणण्याप्रमाणे नव्हती. "अवं, हे घर कोणी हालवून राहिलं काय?" असं ओरडत तिनं कपाट धरलं. धरलं ते ठीक, पण त्या कपाटालाच दरडावू लागली, की तू तरी नीट उभं राह.

आधी तिनं बसच्या ड्रायव्हरला दोष दिला. त्यानं म्हणे सगळ्या रस्त्यानं डोकं हलवून हलवून आणलं. मग आमच्या फ्लॅटच्या मिस्त्रीची पाळी आली, त्यानं फरशीचा उतार चुकवला. मी म्हटलं, "दहा वर्षं याच फरशीवर चालतेस, तेव्हा उतार नव्हता? नाचता येईना अंगण वाकडं!" तिनं भिंतीला धरूनच माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा ठेवायला निघून गेले. मी शाळेत विज्ञान शिकवते. माझा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जातो आणि राग त्याच्याही पुढे जातो, पण आईच्या नजरेपुढे दोन्हींचं काही चालत नाही.

आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात, नेपियर टाउनमधल्या कानाच्या डॉक्टरकडे तिला ऑटोतून नेलं. प्रत्येक वळणावर तिनं एका हातानं मला धरलं आणि दुसऱ्या हातानं ऑटोवाल्याला. शेवटी तो बिचारा म्हणाला, "अम्मा, मेरा कॉलर छोड़ो, गाड़ी मुझे चलानी है." आई म्हणाली, "तो सीधी चलाओ ना!" गाडी सरळच चालली होती.

डॉक्टर तरुण होते, हसतमुख होते, आणि आईला 'माताजी' म्हणत होते, त्यामुळे ती लगेच पाघळली. त्यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा मोठा कान उघडून दाखवला. म्हणाले, कान फक्त ऐकायला नसतो. त्याच्या आतल्या भागात तोल सांभाळणारं एक यंत्र आहे, बारीक नळ्या आणि त्यांत पाणी. डोकं हललं की पाणी हलतं आणि मेंदूला खबर जाते. तुमच्या डाव्या कानाच्या नसेला तापात सूज आली, त्यामुळे एक कान एक सांगतो, दुसरा दुसरंच. मी आईला आमच्या भाषेत समजावलं, की खालच्या मजल्यावरच्या दोघी शेजारणी एकाच भांडणाच्या दोन कहाण्या सांगतात ना, तसं तुझ्या डोक्याचं झालंय, कोणावर विश्वास ठेवावा कळत नाही. हे तिला एकदम पटलं.

डॉक्टर पुढे म्हणाले की गोळ्यांनी गरगर थांबेल, पण तोल बसून परत येत नाही. डोकं हलवायचं, चालायचं, मऊ गादीवर उभं राहायचं, म्हणजे मेंदू नव्यानं शिकतो. आणि मग, बहुतेक आईला धीर यावा म्हणून, ते सहज बोलून गेले की अंतराळातून परत येणाऱ्या लोकांचंही असंच होतं. तिथं वजनच नाही, तेव्हा कानाच्या चुगल्यांना अर्थ राहत नाही. परत आल्यावर त्यांना सरळ चालता येत नाही. म्हणून कानातलं हे यंत्र मुद्दाम चाळवून, झोके देऊन, गोल खुर्चीत फिरवून, कानामागे अगदी बारीक करंट देऊन त्यांचा तोल सुधारता येतो का, हे शास्त्रज्ञ तपासत असतात.

आईनं क्षणभर विचार केला. "करंट नको," ती मला म्हणाली. "झोका चालंल."

डॉक्टर हसले. म्हणाले, हलका झोका घ्यायला हरकत नाही, सोबत कोणीतरी असू द्या, मळमळलं की थांबा, पण खरं काम व्यायामाचं आहे. आईनं त्यातलं 'झोका' आणि 'अंतराळ' एवढंच ऐकलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिनं मला विचारलं, "जयंतीपर्यंत होईन ना मी सरळ?"

आता ही जयंतीची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडे जयंती म्हटलं की एकच, एप्रिलमधली. संध्याकाळी विहारापासून मिरवणूक निघते. पुढे ढोल, मग निळे झेंडे, मग पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया, आणि बायांच्या पहिल्या रांगेत आई. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून तिची ती जागा. आणि सगळ्यांत मागे ट्रॅक्टरची ट्रॉली. तिच्यात सतरंजी टाकलेली, पाण्याचा ड्रम ठेवलेला. म्हातारे, आजारी, गुडघेवाले त्यात बसतात. सोय म्हणून चांगलीच आहे. पण माझ्या आठवणीत एकदा ट्रॉलीत बसलेलं माणूस पुढच्या वर्षी खाली चाललेलं नाही. 'यंदापुरतं' म्हणून चढतात, आणि पुढच्या वर्षी कोणी विचारतही नाही, दोन पोरं येऊन सरळ बखोटीला धरून वर चढवतात. आई त्या ट्रॉलीकडे कधी पाहतसुद्धा नसे. तिच्या मागे ट्रॅक्टर असतो हेच तिला मान्य नव्हतं.

तर झोका. आमच्या नागपूरकडच्या नातेवाइकांच्या घरी बंगई असते, चार कड्यांना टांगलेली लाकडी फळी, दुपारी त्यावर बसून लोक सुपारी कातरतात. आमच्या फ्लॅटमध्ये बंगई कुठं टांगणार? आई पंख्याच्या हुकाकडे ज्या नजरेनं पाहू लागली, त्या नजरेची मला भीती वाटली. मी म्हटलं, "त्याला हात लावशील तर बघ." मग आम्ही शहरातल्या सदर भागातल्या बागेत जायला लागलो. तिथं मुलांचे झोके होते.

पहिल्या दिवशी ती झोक्यावर बसली, पदर खोचला, साखळ्या धरल्या आणि मला हुकूम दिला, "ढकल." मी बोटानं ढकलावं इतकं ढकललं. "थांबव! थांबव! माय वं, मेली मी!" तिचा चेहरा कैरीसारखा हिरवा झाला होता. उतरून ती बाकावर बसली, थोडं पाणी प्याली, आणि उठून परत झोक्यावर. हे असं पाहिलं की मला चीड येते आणि लगेच तिचा अभिमानही वाटतो, काय करावं कळत नाही.

तेवढ्यात बागेचा चौकीदार शिट्टी फुंकत आला. "माताजी, ये बच्चों का झूला है. बोर्ड पढ़ो."

"पढ़ा," आई म्हणाली. "बच्चों का है लिखा है. बूढ़ों का नहीं है, ऐसा कहाँ लिखा है?"

"टूट जाएगा."

"तो मैं गिरूँगी. तुम काहे को रो रहे?" आणि मग हळूच, गुपित सांगावं तसं, "ये अंतरिक्ष वालों का इलाज है, भैया. डाक्टर ने बोला है."

चौकीदारानं माझ्याकडे पाहिलं. माझ्यासारखी एवढी मोठी बाई, हातात पर्स, गळ्यात शाळेचं ओळखपत्र, आणि ती मान हलवून सांगतेय की हो, तसंच आहे. मी त्याला कानातल्या नळ्या, पाणी, सगळं समजावलं. त्यानं शिट्टी खिशात टाकली आणि म्हणाला, "मेरी अम्मा को भी चक्कर आते हैं, दीदी. उनको भी ले आऊँ?" पुढच्या आठवड्यापासून दोन म्हाताऱ्या शेजारशेजारच्या झोक्यांवर बसू लागल्या आणि सदरची पोरं रांगेत उभी राहून त्यांच्यावर खेकसू लागली. "दादी, टाइम हो गया!" आई म्हणायची, "इलाज चल रहा है, मस्ती नहीं चल रही."

घरी व्यायाम चाले. अंगठा डोळ्यांसमोर धरून मान डावीकडे-उजवीकडे. कापसाच्या गादीवर उभं राहून डोळे मिटायचे. पट्टीवरून चालल्यासारखं, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावत, भिंतीच्या कडेनं चालायचं. मी मागे दोन्ही हात पसरून, गोलकीपरसारखी. तिला ते हात आवडत नसत. "काहून मागं मागं फिरून राहिली? सावली हायेस काय माही?" मी म्हणायची, "पडशील." ती म्हणायची, "पडली तर दिसंलच तुले."

माझी मुलगी कॉलेजात शिकते. तिला मराठी सगळी समजते, बोलायची वेळ आली की हिंदीत जाते, आणि आजीला नानी म्हणते. तिनं एकदा मोबाइलवर अंतराळवीर परत आल्याचा व्हिडिओ दाखवला. यानाच्या दारातून एकेकाला उचलून बाहेर काढत होते आणि खुर्चीत बसवून नेत होते. मी संधी सोडली नाही. "बघ! एवढे धडधाकट लोक, तेसुद्धा निमूट खुर्चीत बसतात. आणि तुला ट्रॉलीत बसायला लाज वाटते!"

आईनं व्हिडिओ परत लावायला लावला. नीट पाहिला. "ते वरून खाली आले," ती म्हणाली. "मी तर इथंच होती. मी कायले बसू?" मुलगी म्हणाली, "नानी जीत गई," आणि मी तिला अभ्यासाला पिटाळलं.

फरक मात्र पडत होता, खोटं का बोलू. फेब्रुवारी सरता सरता ती भिंत सोडून स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागली. होळीच्या सुमारास एकटी जिना उतरून खालच्या शेजारणींच्या दोन्ही कहाण्या ऐकून आली. वळताना अजून झोक जायचा, अंधारात चालता यायचं नाही, पण बागेच्या फाटकापासून झोक्यापर्यंत ती माझा हात न धरता जायची. डॉक्टर खूश होते. तोंडात तीळ भिजला असता तर ती आई कुठली! विहारात रविवारच्या वंदनेनंतर तिनं बायांना सांगून टाकलं की माझ्यावर अंतराळवीरांचा इलाज चालू आहे, सदरला जाऊन मी तोच सराव करते.

आमच्या लोकांना सत्काराची भारी हौस. कोणाचं पोरगं दहावीत पहिलं आलं, सत्कार. कोणाची बदली झाली, सत्कार. कोणाची बदली रद्द झाली, तरी सत्कार. त्यात ही बातमी बायांकडून पुरुषांकडे आणि पुरुषांकडून उत्सव समितीच्या अध्यक्षांकडे जाईपर्यंत 'इलाज' वाटेत गळून पडला आणि 'सराव' तेवढा उरला. पुढच्या रविवारी अध्यक्ष माइकवर उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या समाजाच्या ज्येष्ठ भगिनी, या वयात, अंतराळवीरांचं प्रशिक्षण घेऊन राहिल्या आहेत!" टाळ्या कडाडल्या. आईच्या खांद्यावर शाल पडली. तिला उठून सांगता आलं असतं की भाऊ, मला चक्कर येते. पण लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवल्यावर खाली पाहणारी ती नव्हे. हात जोडून गोड हसत उभी राहिली.

आणि मग अध्यक्षांनी दुसरी घोषणा केली. या गौरवाप्रीत्यर्थ यंदाच्या मिरवणुकीत ताईंसाठी ट्रॉलीवर खास सजवलेली खुर्ची ठेवली जाईल, आणि ती ट्रॉली मागे नाही, सगळ्यांत पुढे चालेल.

आईचं हसू जागेवरच थिजलं. मी पाहिलं ते. ऑटोत बसल्या बसल्या म्हणाली, "मी नाही बसत."

घरी आमचं जे भांडण झालं ते खालच्या शेजारणींनी नक्की ऐकलं असेल. मी म्हटलं, "तूच गावभर सांगत फिरलीस! आता मानानं खुर्ची देऊन राहिले तर बस ना चुपचाप!" ती म्हणाली, "इतकीच आवडली तर तूच बस." मी म्हटलं, "आणि गर्दीत पडलीस म्हणजे? माकडहाड मोडलं म्हणजे? कोण करेल तुझं?" ती म्हणाली, "मोडलं तर माहं मोडंल." मी म्हटलं, हा नुसता हट्ट आहे, पहिल्या रांगेचा तोरा आहे, दुसरं काही नाही. ती उठली आणि गादीवर डोळे मिटून उभी राहिली. नंतर दोन दिवस आम्ही मुलीच्या मार्फत बोलत होतो. "अपनी मम्मी को बोल, चटणीत मीठ कम है." "नानी को बोल, स्वतः टाकून घे."

डॉक्टरांना मी फोन केला, ते तरी माझ्या बाजूनं बोलतील म्हणून. ते म्हणाले, चालू द्या थोडं, फक्त धरायला काहीतरी जवळ असू द्या, भिंत, रेलिंग, काहीही. मी मनात ठरवून टाकलं, रस्त्याच्या कडेनं न्यायची.

जयंतीच्या संध्याकाळी ट्रॉली पुढे उभी होती. निळ्या कापडानं मढवलेली, मधोमध लाल गादीची खुर्ची, खुर्चीला झेंडूचा हा जाड हार, आणि पाठीमागे फलक, 'समाजाचा अभिमान'. अध्यक्ष स्वतः हात द्यायला पुढे आले. आई कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत होती. तिनं त्यांना वाकून जयभीम केला आणि म्हणाली, "भाऊ, खुर्ची चालू द्या पुढं. मी येते मागून." आणि बायांच्या पहिल्या रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

मिरवणूक निघाली. आता तुम्हीच विचार करा, पुढे ढोल, त्यामागे सजवलेली ट्रॉली, त्यावर हार घातलेली रिकामी खुर्ची. रस्त्यावरच्या लोकांनी त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. दुकानदार उठून उभे राहिले. एका रिक्षावाल्यानं डोक्यावरचा गमछा काढला. मिठाईच्या दुकानातल्या एका बाईनं कळवळून विचारलं, "कौन गुज़र गए?" आणि आईनं पहिल्या रांगेतून उत्तर दिलं, "मैं!" रांगेतल्या बाया हसून हसून एकमेकींवर पडू लागल्या. आई सोडून सगळ्यांचाच तोल गेला.

मी तिच्या बाजूनं चालत होते, रस्त्याकडेचं रेलिंग डाव्या हाताशी ठेवून. बाजार संपला तसा रस्ता वळला आणि उतार लागला. ढोल पुढे जोरात वाजत होते, झेंडे डोक्यावर हलत होते, दिवे लागत होते. मला दिसलं, तिचं पाऊल तिरपं पडलं. मग दुसरं. ती डावीकडे झुकली, सावरली, आणि परत झुकली. ट्रॉलीवाल्यानंही आरशात पाहिलं असणार, त्यानं ट्रॅक्टर थांबवला आणि पोरांनी ट्रॉलीचं मागचं फळकूट धाडकन खाली सोडलं. सगळी मिरवणूक थांबून तिच्याकडे पाहू लागली.

मी तिचा दंड पकडला. "चल, ट्रॉलीत नको तर नको, पण इकडे ये कडेला. रेलिंग धर आणि कडेकडेनं चाल. कोणी काही म्हणत नाही."

तिनं दंड सोडवून घेतला. रागानं नाही, हळूच, एकेक बोट काढून.

"कडेनं माहा बाप चालला," ती म्हणाली. "गावात मोठ्या लोकायच्या आळीतून जायचं तर भिंतीले घासून, चप्पल हातात घेऊन. मी त्याचं बोट धरून मागं असायची. इथं लग्न होऊन आली अन् पहिल्या जयंतीले पाहिलं, आपले लोक रस्त्याच्या मधून चालून राहिले. मधून. त्या दिवशी ठरवलं होतं मी."

इतक्या वर्षांत हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी रांगेचा तोरा म्हणत होते. मला तिचा इतका राग आला की काय सांगू, आधी का नाही बोललीस म्हणून.

ती वळली आणि रस्त्याच्या मधोमध चालू लागली. सरळ नाही. एक पाऊल इकडे, एक तिकडे, दोन्ही हात बाजूला पसरून, मान ताठ. एकदा वाटलं गेलीच. नाही गेली. तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया आपोआप सरकल्या आणि तिला सगळा रस्ता मोकळा करून दिला. पोरांनी फळकूट उचलून बंद केलं, ढोल सुरू झाले.

मी अजून कडेलाच उभी होते. तिनं मागे वळून न पाहता हाक मारली, "येऊन राहिली ना?"

"आले," मी म्हटलं, आणि रेलिंग सोडून मधे आले.